आज्ञार्थाबाहेरचा व्यायाम

स्त्रीचे शरीर आणि तिच्यावरील अत्याचार यांविषयी विदर्भात दोन भाषांत बोलले गेले. पहिली बलसंवर्धनाची. 1936 च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापली. स्त्रीने स्वसंरक्षणास समर्थ व्हावे म्हणून तेथे लाठी व कवायत आली. ही तयारी संकटापूर्वीची होती. संकट येऊन गेल्यावर काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

दुसरी भाषा न्यायालयाची. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून हा खटला ओळखला जातो. भीतीपोटीची शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे मानून नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. अंगावर जखमा नाहीत, हे एक कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. 1983 मध्ये कायदा बदलला. तरी या भाषेत शरीर म्हणजे पुरावाच राहिले.

पहिलीने शरीराला शस्त्र मानले, दुसरीने साक्षीदार. ते त्या स्त्रीचे स्वतःचे घर आहे, हे दोन्हींत राहून गेले. आघातानंतर या घरातच परके वाटू लागते: श्वास अडतो, साध्या स्पर्शानेही अंग आखडते. 2014 मध्ये बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी अमेरिकेतील 64 आघातग्रस्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे योगवर्ग केलेल्या 31 पैकी 16 जणी त्या विकाराच्या निकषांबाहेर आल्या. आरोग्यशिक्षणाच्या वर्गातील 29 पैकी 6. अभ्यास लहान आहे, आणि व्यायाम समुपदेशनाची जागा घेत नाही, हे खरेच.

आम्हा भाषेच्या अध्यापकांना महत्त्वाचे वाटते ते अशा वर्गांचे व्याकरण. कवायत आज्ञार्थात चालते: ‘हात वर!’ येथे शिक्षिका म्हणते, ‘वाटल्यास हात वर नेता येईल, नको असेल तर थांबता येईल.’ विचारल्यावाचून ती स्पर्श करीत नाही. जिची इच्छाच एकदा पायदळी तुडवली गेली, तिला ‘वाटल्यास’ हा शब्द परत मिळतो.

कळमन्याच्या बाजार समितीत राबणाऱ्या स्त्रियांना व्यायाम कशाला, असे कोणी विचारील. श्रमात शरीर मजुरीच्या हुकमात असते. 2013 पासूनची मनोधैर्य योजना पीडितेला अर्थसाहाय्य आणि समुपदेशन देऊ करते. त्याच्या जोडीला आठवड्याचा एक तास आणि दार लावता येईल अशी एक खोली एवढेही मिळाले, तर या तिसऱ्या भाषेचा आरंभ आपल्याकडे होईल.