सुईणीची शाळा : कापडी बाईपासून ॲपपर्यंत

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि नर्सिंग कॉलेजांचे वर्ग मोबाईलवर आले. योगायोग असा, की जागतिक आरोग्य संघटनेने तेच वर्ष परिचारिका आणि प्रसाविकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. बाळंतपण कसं करायचं हे मुली घरी बसून झूमवर शिकतायत, यावर तेव्हा बरेच विनोद झाले. मला हसू आलं नाही. एक तर माझं पोट ऑनलाइन कोर्सच्या सॉफ्टवेअरवर चालतं. आणि दुसरं, खऱ्या बाळंतिणीशिवाय बाळंतपण शिकवायची खटपट झूमहून अडीचशे वर्षं जुनी आहे.

१७५९ मध्ये फ्रान्सच्या राजाने आंजेलिक द्यु कूद्रे या सुईणीला गावोगाव जाऊन बायकांना शिकवण्याचं काम दिलं. तिच्यासोबत एक ‘यंत्र’ असायचं. कापड आणि चामडं वापरून केलेली बाईची कंबर, आत बाळ, नाळ, वार, सगळं. विद्यार्थिनी बहुतेक निरक्षर, म्हणून पुस्तकात रंगीत चित्रं. १७८३ पर्यंत ती फिरत राहिली आणि हजारो बायका तिच्याकडून शिकल्या. त्यातलं एक यंत्र अजून रूआं शहरातल्या संग्रहालयात आहे. आज आपण ज्याला ‘ब्लेंडेड लर्निंग’ म्हणतो ते हेच : थोडं चित्रावर, थोडं बाहुलीवर, उरलेलं खऱ्या बाईपाशी.

मुंबईत गोष्ट वेगळी घडली. आझाद मैदानाजवळचं कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं, बायकांसाठी आणि बायका डॉक्टरांच्या हाती. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी तिथे नर्सेसचं प्रशिक्षण सुरू केलं. वर्ग, व्याख्यान, वही, परीक्षा. पण शहरातली बाळंतपणं करत होती ती दाई किंवा सुईण, आणि तिला वाचता येत नव्हतं. ती शिकली होती आईच्या नाहीतर सासूच्या मागे बसून. बाळंतपणाचा विटाळ मानला जाई, त्यामुळे नाळ कापण्याचं काम बहुधा खालच्या मानलेल्या जातींच्या वाट्याला यायचं. तेच हात नंतर ‘घाणेरडे’ म्हणून अहवालांमध्ये बदनाम झाले, हा मला या इतिहासातला सर्वांत खोटा भाग वाटतो.

१९०३ मध्ये लेडी कर्झनच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड उभा राहिला, दाईंना शिकवण्यासाठीच. त्या वर्गाला याव्यात म्हणून ठिकठिकाणी त्यांना भत्ता द्यावा लागे. यात नवल काय? हातावर पोट असलेली बाई दुपारभर बाकावर बसली तर त्या दिवसाची कमाई बुडते. आमच्या ऑफिसात कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांवर तासतास मीटिंगा होतात. रोजंदारी बुडण्याचा रकाना कुठल्याच चार्टवर नसतो.

इकडे परळ-लालबागच्या गिरण्यांत हजारो बायका कामाला होत्या. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बालमृत्यूंची नोंद आहे. हा आकडा फुगलेला आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात नाहीतर घाटावर गावी जात. जन्म गावाकडे, आणि बाळ पुढे दगावलं तर त्याची नोंद इथे. पण फुगवटा काढला तरी उरतं ते भयंकरच. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसं, आणि त्याच खोलीत पडदा लावून बाळंतपण.

१९२६ मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं, त्याच वर्षी जवळच केईएमही. हॉस्पिटलात दोन गोष्टी एकत्र आल्या, शिकवणारे आणि बाळंत होणाऱ्या बायका. प्रसूतिशास्त्राचा वर्ग भरतो तो नेहमी कुणाच्या तरी खाटेभोवती. खासगी खोलीतल्या बाईभोवती तो भरत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. फुकटच्या खाटेवर आलेल्या बायका या शहराच्या शिक्षिका होत्या, फक्त हजेरीपटावर त्यांचं नाव नाही.

आता ॲप. डेन्मार्कच्या मॅटर्निटी फाउंडेशनचं ‘सेफ डिलिव्हरी ॲप’ ॲनिमेशनमधून शिकवतं आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं. इथिओपियात ७३ आरोग्य केंद्रांवर त्याची चाचणी झाली. २०१६ मध्ये निकाल आला, तो असा की वर्षभरानंतरही ॲप वापरणाऱ्यांचं ज्ञान आणि कौशल्य जास्त होतं. बाळांचे मृत्यू मात्र ठामपणे कमी झाले असं सिद्ध करता आलं नाही. माझ्या धंद्यातल्या लोकांनी हे दुसरं वाक्यही वाचावं.

तरी व्हिडिओला मी कमी लेखणार नाही. त्याने अक्षरांची अट काढून टाकली. गंमत म्हणा की दुर्दैव, ज्या दाईसाठी ही अट काढायला हवी होती ती तोवर शहरातून जवळजवळ संपली होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसाविका-सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १८ महिन्यांचा नवा कोर्स आहे, पण तो आधीच नोंदणीकृत नर्स असलेल्यांसाठी.

वार पडल्यावर पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलंय का ते बघतात. ते क्रिकेटच्या चेंडूसारखं टणक लागायला हवं. मऊ लागलं तर रक्तस्राव सुरू असू शकतो, आणि हातात वेळ फार थोडा असतो. हा टणकपणा स्क्रीनवर दाखवता येतो, पण बोटांना तो तिथे लागत नाही. नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीची ‘मामानॅटली’ नावाची बाहुली शिक्षिका स्वतःच्या पोटावर बांधते आणि आतून गर्भाशय कडक-मऊ करते, खोटं रक्तही सोडते. द्यु कूद्रेबाईंनी स्पंजातून रंगीत पाणी सोडलं होतं, त्याचीच ही पणती.

आमच्या सिस्टिममध्ये व्हिडिओ संपला की हिरवी खूण येते. नर्सिंगच्या विद्यार्थिनीकडे केसबुक असतं, स्वतःच्या हाताने केलेल्या प्रत्येक प्रसूतीची नोंद आणि तिच्यापुढे वरिष्ठांची सही. २०२० मध्ये थिअरी झूमवर पार पडली. रखडल्या त्या या सह्या.