रायफल, परवडणारी (इंदूर परिसर)

नेमबाज किंवा शिकाऱ्याच्या आवाक्यातील किमतीची रायफल. अमेरिकेत या गिऱ्हाइकासाठीची चढाओढ जुनी आहे. सॅव्हेज कंपनीने 1958 च्या ‘110’ मॉडेलमध्ये नळी एका नटाने कसली; नळी आणि बोल्ट यांतले अंतर जुळवण्याचे किचकट काम सोपे झाले, किंमत उतरली. पुढे रुगर, मॉसबर्ग वगैरेंनी प्लास्टिकचे दस्ते देऊन आणखी काटछाट केली.

इंदुरात शिकारी गिऱ्हाईकच उरलेले नाही. होळकरशाहीतला शिकारीचा दरबारी शौक वन्यजीव संरक्षण कायद्याने (1972) आवळला आणि 1991 च्या दुरुस्तीने संपवला. लष्करी 303 काडतूस खासगी हातांत नको, या इंग्रजी धोरणातून रुळलेली 315 बोअरची रायफल ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत आली. आता ती परवानाधारकाकडे बहुधा राखणीसाठीच असते.

खरी स्पर्धा हवेच्या रायफलींत आहे, आणि तिची हद्द कायद्याने आखली आहे: शस्त्र नियम, 2016 नुसार 0.177 इंच (सुमारे 4.5 मिमी) बोअर व 20 ज्यूल ऊर्जेपर्यंतच्या हवाई रायफलीला परवाना लागत नाही. नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल सर्वांत स्वस्त. पण छर्रा नळीतून सुटण्याआधीच आतला दट्ट्या धडकतो आणि हात हलतो. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अवघा 0.5 मिमी असतो. तिथे ही हालचाल महागात पडते. दाबलेल्या हवेच्या नळकांड्याची रायफल हा दोष टाळते. त्यात फाइनवेर्कबाऊ, वाल्थर या जर्मन कंपन्यांचा दबदबा आहे; किंमत लाखांत. खोल छिद्रे पाडणाऱ्या यंत्रांच्या धंद्यातून आलेली ठाणे जिल्ह्यातील प्रिसिहोल कंपनी स्वस्त टोकाकडून या बाजारात शिरली. नळीतले भोक सरळ पाडणे हेच या धंद्याचे मर्म असल्याने हा प्रवेश अनपेक्षित नव्हता. सरावाला देशी रायफल पुरते. वरच्या स्पर्धांत अजून जर्मनच दिसते.

अशा स्पर्धांसाठी नेमबाज घडवणारे लष्कराचे मार्क्समनशिप युनिट इंदूरजवळच्या महूला आहे. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने देशातल्या नेमबाजीची राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते.