नर की मादी?

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जे. सी. जॉर्ज यांनी पक्ष्यांच्या उड्डाणस्नायूंचा जो अभ्यास चालविला, त्यामुळे पक्षिशास्त्रात या नगरीचे नाव झाले. 1963 साली तेथून ‘पावो’ हे नियतकालिक निघू लागले. लॅटिन भाषेत पावो म्हणजे मोर.

त्या काळच्या अभ्यासकापुढे एक साधा प्रश्न वारंवार उभा राही: हाती असलेला पक्षी नर की मादी? मोराविषयी लहान मूलही उत्तर देईल. परंतु जेथे दोघांचे रूप एकच, तेथे पोट फाडून आतील ग्रंथी पाहाव्या लागत. उत्तर मिळे, पण पक्षी उरत नसे.

शिकारी पक्ष्यांपुरता हा प्रश्न बाजदारांनी केव्हाच सोडविला होता. बाज-ससाण्यांत मादी नराहून मोठी व बळकट असते. म्हणून दोघांना त्यांनी नावेच निराळी दिली. मादी ती बाज, तिचा नर जुर्रा. मादी शिक्रा, नर चिपका. मादी तुरमती, नर चेतवा. आपण सरसकट ‘शिक्रा’ म्हणतो, तेव्हा खरे पाहता मादीचेच नाव घेत असतो!

गिधाडाला कोणी मनगटावर बसविले नाही. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे नर-मादी दिसावयास सारखेच, पण ते ओळखण्याची गरजही कोणास पडली नाही. आकाशात गिधाडांना तोटा नव्हता. मग 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातील ही जात हजारात एक एवढीच उरली. गुरांना टोचलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते व त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 साली सिद्ध झाले. 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. गुजरातच्या गणनेत 2005 साली 2,647 गिधाडे होती, 2018 साली 820.

हरयाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गिधाडांची पैदास आरंभिली. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि वयात येण्यास त्याला सुमारे पाच वर्षे लागतात. अजाणता दोन नर एकत्र ठेवले, तर अंड्याची वाट पाहण्यात किती हंगाम जावेत?

येथे डीएनए परीक्षा कामी आली. मनुष्यात पुरुषाची गुणसूत्रांची जोडी विजोड असते, पक्ष्यांत मादीची. नरात दोन झेड, मादीत एक झेड व एक डब्ल्यू. सीएचडी नावाचे जनुक दोन्हींवर आहे, पण त्यातील एका तुकड्याची लांबी निरनिराळी. पेशींतील तो तुकडा प्रयोगशाळेत लक्षावधी पटींनी वाढवून विजेच्या प्रवाहात सरकविला, की नराची एक रेघ उमटते, मादीच्या दोन. ग्रिफिथ्स व सहकाऱ्यांनी 1998 साली बहुतेक पक्ष्यांना लागू पडेल अशी ही पद्धत मांडली. अनुराधा रेड्डी, विभू प्रकाश आणि एस. शिवाजी यांनी ती आपल्या पांढऱ्या पाठीच्या व लांब चोचीच्या गिधाडांसाठी, पक्ष्याला इजा न होता वापरता येईल अशी करून, 2007 साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी पिंजोरच्या पिंजऱ्यात पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची पिले प्रथमच वाचून मोठी झाली.