रविवारची शर्यत

१९२४ सालच्या जुलै महिन्याची ६ तारीख; वार रविवार. पॅरिसजवळील कोलंब येथील क्रीडांगणावर ऑलिंपिक सामन्यांतील शंभर मीटरच्या शर्यतीच्या पहिल्या फेऱ्या चालू होत्या. ज्याच्यावर ब्रिटनचा मोठा भरंवसा असावयाचा, तो एरिक लिडेल नांवाचा २२ वर्षांचा स्कॉटिश तरुण मात्र तेथें नव्हता. तो त्याच रविवारीं पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्यें जमलेल्या लोकांपुढें धर्मोपदेश करीत होता. ह्या एका गैरहजेरीनें पुढें ५७ वर्षांनीं एका बोलपटास विषय पुरविला. १९८१ सालीं निघालेला ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हाच तो बोलपट.

हा बोलपट कोणा धर्मसंस्थेनें काढलेला नव्हता. निर्माते डेव्हिड पुटनम हे सदसद्विवेकबुद्धीशीं प्रामाणिक राहणाऱ्या माणसाच्या कथेच्या शोधांत होते. लॉस एंजल्स येथें आजारी पडून घरांत बसावें लागलें असतां ऑलिंपिक सामन्यांच्या एका संदर्भग्रंथांत त्यांना लिडेलची हकीकत सांपडली. कॉलिन वेलंड यांनीं कथा रचली, ह्यू हडसन यांनीं दिग्दर्शन केलें आणि व्हँजेलिस यांनीं संगीत दिलें. आरंभीं तरुण धांवपटु समुद्रकांठच्या वाळूंतून धांवत येतात तें दृश्य स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज येथें घेतलें, आणि चित्रपटाचा विषय विसरलेल्यांनाहि तें सहसा आठवतें. १९८२ सालीं त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्यास ऑस्कर पारितोषिक मिळालें. शिवाय कथालेखन, संगीत व वेषभूषा यांचींहि पारितोषिकें त्यालाच मिळालीं.

रविवारीं न धांवण्यांत एवढें काय आहे, हा प्रश्न वाचकाच्या मनांत येणें साहजिक आहे. आठवड्यांतील एक दिवस सर्व कामधंदा बंद ठेवून तो ईश्वरास वाहावा, ही आज्ञा मूळ यहुदी धर्मशास्त्रांतील. यहुदी लोक शनिवार पाळतात. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. ती ह्याच शब्बाथाची खूण होय. ख्रिस्ती लोकांनीं हा मान रविवारास दिला. स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट घराण्यांत तर तो इतक्या कडकपणें पाळला जाई कीं, त्या दिवशीं खेळणें हेंहि अयोग्य समजत. लिडेलचे आईबाप चीन देशांत मिशनरी होते; त्याचा जन्मच १९०२ सालीं टिएन्टसिन शहरांत झाला. हा नियम त्याला बाहेरून शिकावा लागला नाहीं. तो त्याच्या घरांतच होता.

बोलपटाच्या कर्त्यांनीं लिडेलसमोर दुसरा एक धांवपटु उभा केला आहे. तो म्हणजे केंब्रिजचा यहुदी विद्यार्थी हॅरल्ड अब्राहम्स. समाजांत पदोपदीं होणारी हेटाळणी जिंकून दाखवावी ह्या ईर्ष्येनें तो धांवतो, आणि त्यासाठीं सॅम मुसाबिनी हा धंदेवाईक शिक्षक ठेवण्यासहि कचरत नाहीं. लिडेल धांवतो तो आपली शक्ति ही ईश्वराची देणगी आहे ह्या भावनेनें. एकाला विजय मिळाल्यावांचून शांति नाहीं. दुसऱ्याची शांति विजयावर अवलंबून नाहीं. ७ जुलै रोजीं शंभर मीटरचें सुवर्णपदक अब्राहम्सनें जिंकलें. बोलपट त्यालाहि लहान करीत नाहीं, ही त्याची मोठी थोरवी होय.

परंतु इतिहास आणि बोलपट यांत अंतर आहे. पडद्यावर लिडेलला आपली फेरी रविवारीं असल्याचें फ्रान्सला जाणाऱ्या बोटीवर चढतांना कळतें. मग खुद्द युवराज व बडे अधिकारी त्याचें मन वळवूं पाहतात, तो नकार देतो, आणि आयत्या वेळीं एक उमराव मित्र चारशें मीटरच्या शर्यतींतील आपली जागा त्याला देऊं करतो. प्रत्यक्षांत वेळापत्रक कित्येक महिने आधीं समजलें होतें. लिडेलनें आपला नकार तेव्हांच कळविला, आणि ते महिने त्यानें दोनशें व चारशें मीटरच्या तयारींत घालविले. त्याचा तो मित्रहि कल्पित आहे. रविवारच्या फेऱ्यांमुळें सांघिक शर्यतींवरहि त्यानें पाणी सोडलें होतें.

हा फरक करण्याचें कारण उघड आहे. एका क्षणाचा पेंच पडद्यावर शोभून दिसतो. महिनेच्या महिने शांतपणें टिकलेला निश्चय दाखविणें कठीण असतें. तरीहि खरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. बोटीवर अचानक नकार देणाऱ्यास आवेशाचा आधार असतो. आदल्या वर्षीं शंभर यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकून ब्रिटनचा नवा उच्चांक करणाऱ्या तरुणानें आपलें हातचें यश महिन्यांपूर्वींच दूर सारावें, लोकांचे बोल ऐकून घ्यावे, आणि कुरकुर न करतां दुसऱ्या अंतराच्या सरावास लागावें, ह्यांत आवेश नाहीं, स्वभाव आहे.

११ जुलै रोजीं चारशें मीटरची अंतिम शर्यत झाली. अमेरिकेच्या फिचनें उपांत्य फेरींतच नवा उच्चांक गांठला होता. लिडेलच्या वांट्यास सर्वांत बाहेरची मार्गिका आली. म्हणजे प्रतिस्पर्धी पाठीशीं, दिसत कोणीच नाहीं. तो शंभर मीटरच्या वेगानें सुटला आणि सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध शेवटपर्यंत तसाच धांवला. वेळ ४७.६ सेकंद, ऑलिंपिकचा नवा उच्चांक. दोनशें मीटरचें कांस्यपदक त्यानें दोनच दिवसांपूर्वीं मिळविलें होतें.

धांवतांना ईश्वराचा संतोष आपल्या अनुभवास येतो, अशा आशयाचें एक वाक्य बोलपटांतील लिडेल आपल्या बहिणीस म्हणतो. आज तें जगभर प्रवचनांतून लिडेलचें म्हणून सांगितलें जातें. तें वेलंड यांच्या लेखणीचें आहे. बहिणीचा विरोधहि असाच कथेच्या सोयीसाठीं आला. चांगला नाटककार पात्राच्या मुखीं जें घालतो, तें पुढें लोकांच्या दृष्टीनें इतिहास होऊन बसतें. आपल्याकडील ऐतिहासिक नाटकांच्या प्रेक्षकांस हें नव्यानें सांगावयास नको.

ह्या यशानंतर खेळ व ख्रिस्ती श्रद्धा यांची सांगड घालणारे बोलपट बरेच निघाले. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत ऑल्बनी येथील एका बॅप्टिस्ट चर्चनें २००६ सालीं ‘फेसिंग द जायंट्स’ हा बोलपट काढला. बहुतेक कामें मंडळींतील हौशी माणसांनींच केलीं; खर्च सुमारें १ लक्ष डॉलर झाला आणि उत्पन्न १ कोटीहून अधिक आलें. त्यांत सतत हरणारा एक फुटबॉल शिक्षक ईश्वरास शरण जातो, आणि जिंकलों तरी व हरलों तरी स्तुति त्याचीच करूं, अशी शिकवण मुलांस देतो. शिकवण उत्तम, पण कथा त्याची परीक्षा घेत नाहीं. संघ अजिंक्यपद मिळवितो, शिक्षकास नवी मोटार मिळते, निपुत्रिक पत्नीस दिवस राहतात. श्रद्धेचें फळ असें हातोहात मिळूं लागलें, तर ती श्रद्धा कीं सौदा, असा संशय येतो. नवस फेडून घेणारा देव आपल्या ओळखीचा आहे. नवसावांचून ज्याची भक्ति होते तो देव संतांनीं दाखविला. लिडेलनें जें सोडलें त्याच्या बदल्यांत कांहीं मिळेल, असें वचन त्याला कोणीं दिलें नव्हतें.

त्याच्या श्रद्धेची खरी परीक्षा तर बोलपट संपल्यावर झाली. चित्रपट शेवटीं ती चार शब्दांत उरकतो. १९२५ सालीं, कीर्ति शिखरावर असतां, लिडेल चीनला गेला आणि टिएन्टसिनच्या विद्यालयांत शिक्षक झाला. पुढें जपानी आक्रमणाच्या धुमाळींत त्यानें खेड्यापाड्यांतून काम केलें. १९४१ सालीं गरोदर पत्नीस व दोघी मुलींस त्यानें कॅनडास पाठविलें. तिसऱ्या मुलीचें तोंड त्याला कधींच दिसलें नाहीं. १९४३ सालीं जपान्यांनीं त्याला शांटुंग प्रांतांतील वेइशिएनच्या छावणींत स्थानबद्ध केलें. तेथें आईबापांपासून दुरावलेलीं पुष्कळ शाळकरी मुलें होतीं. लिडेल त्यांना शिकवी, त्यांचे खेळ घेई. मुलें त्याला ‘अंकल एरिक’ म्हणत.

ह्या छावणींतहि रविवारीं खेळ बंद असत. कंटाळलेल्या कांहीं मुलांनीं एका रविवारीं हॉकीचा डाव आपणच मांडला. पंच नसल्यामुळें त्याचें पर्यवसान मारामारींत झालें. पुढल्या रविवारीं मुलें पुन्हां मैदानावर आलीं, तों पंच म्हणून लिडेल उभा होता!

सुवर्णपदकासाठीं ज्यानें रविवार मोडला नाहीं, त्यानें तो पोरक्यासारख्या झालेल्या मुलांच्या भांडणासाठीं मोडला. ह्यांत विसंगति पाहणारे पाहोत. येशूनेंहि शब्बाथाच्या दिवशीं आजाऱ्यांस बरें करून शास्त्र्यांचा रोष ओढवून घेतला होता. स्वतःच्या लाभासाठीं नियम वांकवावयाचा नाहीं, आणि दुसऱ्याच्या गरजेपुढें नियमाचा अभिमान धरावयाचा नाहीं. हीं दोन्ही एकाच वृत्तीचीं अंगें आहेत. पहिलें पडद्यावर आलें. दुसरें अधिक अवघड आहे.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजीं मेंदूंतील गांठीच्या विकारानें त्याच छावणींत लिडेलचें निधन झालें. वय ४३ वर्षांचें होतें. छावणीची सुटका होण्यास अजून सहा महिने अवकाश होता.