डोक्यावरचे छप्पर : राज्याश्रय, वसतिगृहे आणि आपले कर्तव्य

मुलास विद्या द्यावी हे आता सर्वांस मान्य आहे. परंतु विद्येसाठी घर सोडून आलेल्या मुलाने रात्री निजावे कोठे, या प्रश्नाकडे समाजाचे लक्ष फार उशिरा गेले. खेड्यातून शहरात आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आसऱ्याअभावी एक तर शिक्षण टाकून परत फिरतो, नाही तर देवळाच्या ओसरीवर वा स्टेशनच्या फलाटावर दिवस कंठतो. आमचे आयुष्य शिक्षकी पेशात गेले असल्याने असे विद्यार्थी आम्हांस अपरिचित नाहीत. यास्तव तरुणांस निराश्रित होऊ न देण्यासाठी आपल्याकडे राज्यसत्तेने काय केले, याचा थोडक्यात इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे, किंवा माधुकरी मागत असे. पण वार लावावयास ओळखीची सात घरे लागतात, आणि माधुकरीची झोळी प्रत्येक जातीच्या मुलास मोकळी नव्हती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या वा अस्पृश्य गणलेल्या समाजाच्या मुलास शहरात घर मिळत नसे, म्हणून शाळाही मिळत नसे. ही गाठ प्रथम ओळखली ती कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी.

१८९४ साली राज्यकारभार हाती आल्यावर महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचे एकत्र वसतिगृह काढून पाहिले. परंतु थोड्याच वर्षांत तेथे एकाच वर्गाचे विद्यार्थी उरले. तेव्हा महाराजांनी मार्ग बदलला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली वीरशैव लिंगायत वसतिगृह, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी मालिकाच उभी राहिली. १९२० साली प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग निघाले. वसतिगृहांची जननी हा कोल्हापूरचा लौकिक या कार्यातून झाला.

यातील पद्धती ध्यानात घेण्याजोगी आहे. दरबाराने जागा द्यावी, इमारतीस साहाय्य करावे, अनुदान नेमून द्यावे. आणि त्या त्या समाजाने वर्गणी गोळा करून रोजचा कारभार पाहावा. सरकारचे द्रव्य आणि समाजाची माया एकत्र आली म्हणून ही कामे टिकली. नुसत्या हुकमाने ती झाली नसती, आणि नुसत्या वर्गणीनेही नाही.

तथापि ज्ञातिवार वसतिगृहांची एक मर्यादाही इतिहासाने दाखविली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत असत. स्पृश्यास्पृश्यतेच्या प्रश्नावरून त्यांना ते सोडावे लागले, आणि आसरा मिळाला तो महाराजांच्या छायेत. स्वजातीच्या छपराखालून बाहेर पडावे लागलेल्या या तरुणानेच पुढे १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. तेथे मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि श्रम करून शिकत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर समाजकल्याण व आदिवासी विकास खात्यांची वसतिगृहे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. तरीही जागा अपुऱ्याच पडल्या. म्हणून २०१६-१७ पासून महाराष्ट्र शासनाने, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजनास ३२,०००, निवासास २०,००० व निर्वाहास ८,०००. खोलीऐवजी खोलीचे भाडे देण्याची ही नवी रीत होय. रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. परंतु घरमालक भाडे व अनामत आधी मागतो, ही अडचण राहतेच.

याहून बिकट स्थिती अनाथांची आहे. मुलांसाठी मुंबई इलाख्यात १९२४ साली कायदा झाला व निराधार बालकांच्या संरक्षणाची जबाबदारी सरकारने पत्करली. परंतु अठरा वर्षे पुरी झाली की बालगृहाचे दार मागे बंद होते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात अशा तरुणांस एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, आणि २०१८ साली महाराष्ट्राने अनाथांस एक टक्का समांतर आरक्षण दिले. हे योग्यच झाले. परंतु अठराव्या वाढदिवशी त्या मुलास आरक्षणाआधी हवी असते ती निजावयास जागा आणि विचारपूस करणारे माणूस.

येथेच आम्ही ज्ञातिबांधवांस एक प्रश्न विचारू इच्छितो. आपल्यासारख्या मंडळांची वसतिगृहे आपापल्या मुलांसाठी निघाली, आणि त्यांनी उपकारच केले. पण ज्या मुलास आपली जातच ठाऊक नाही, त्याला कोणत्या ज्ञातीने दार उघडावे? आमचे उत्तर असे की, प्रत्येकीने. दर दहा खाटांमागे एक खाट अशा तरुणासाठी राखावी, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांस तसे लेखी कळवावे, आणि आपल्या घरच्या मुलांस स्वाधारसारख्या योजनांचे अर्ज भरून देण्यास मंडळात एक जाणता कार्यकर्ता नेमावा.

सरकार जागा देईल, पैसा देईल; परंतु सुट्टीत सर्व मुले गावी गेली असता मागे राहिलेल्या एका मुलास सणाला जेवावयास बोलावणे हे सरकारचे काम नव्हे. ते आपले आहे.