माझगावची बाग आणि काका बाप्टिस्टा

डॉकयार्ड रोड स्टेशनबाहेर आलं की भंडारवाड्याची टेकडी दिसते. तिच्यावरच्या बागेला सगळे ‘माझगाव गार्डन’ म्हणतात. खरं नाव जोसेफ बाप्टिस्टा उद्यान.

इथे पूर्वी इंग्रजांचा माझगाव किल्ला होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने मुंबईवर स्वारी करून तो घेतला आणि १६९० मध्ये परत जाताना पाडून टाकला. १८८४ मध्ये टेकडीवर जलाशय बांधला गेला. आज आपली मुलं खेळतात ती हिरवळ याच जलाशयावर आहे.

जोसेफ बाप्टिस्टा याच मोहल्ल्याचे. १८६४ मध्ये माझगावात जन्मलेले, म्हातारपाखाडीचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. बॅरिस्टर झाले, लोकमान्य टिळकांचे जवळचे सहकारी बनले. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष तेच. १९२० मध्ये मुंबईत आयटक ही कामगार संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्यांचं नाव आहे. १९२५ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर झाले. १९३० मध्ये त्यांचं निधन झालं.

लोक त्यांना प्रेमाने ‘काका’ म्हणत. पुढच्या रविवारी मुलांना बागेत न्याल, तेव्हा फाटकावरची पाटी त्यांच्याकडून वाचून घ्या. हे काका कोण, तेही सांगा.