एका दाण्याचा हिशोब

आज सुरुवात लहान मुलांच्या एका चित्रपुस्तकापासून करू. पुस्तकाचं नाव ‘वन ग्रेन ऑफ राइस’. 1997 साली अमेरिकेत निघालं. लेखिका आणि चित्रकार एकच, डेमी. त्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या, त्यामुळे पुस्तकातली चित्रं आपल्या लघुचित्रांच्या वळणाची आहेत.

गोष्ट अशी. एक राजा दरवर्षी रयतेकडून जवळजवळ सगळा तांदूळ घेतो. दुष्काळात तुमच्याच उपयोगी पडेल, असं सांगतो. दुष्काळ पडतो तेव्हा मात्र कोठार उघडत नाही. एक दिवस राजवाड्याकडे निघालेल्या हत्तीवरच्या टोपलीतून तांदूळ सांडतो. राणी नावाची खेड्यातली मुलगी तो ओच्यात झेलते आणि राजाला परत करते. राजा खूश होऊन म्हणतो, काय हवं ते माग. ती मागते : आज एक दाणा, उद्या दोन, परवा चार. रोज दुप्पट, तीस दिवस.

शेवटच्या दिवशी 256 हत्ती 53,68,70,912 दाणे घेऊन येतात. त्यासाठी पुस्तकाचं पान घडी उलगडून लांबच लांब होतं. तीस दिवसांची बेरीज 1,07,37,41,823. राजाची कोठारं रिकामी होतात, लोकांना अन्न मिळतं, आणि यापुढे गरजेपुरताच तांदूळ घेईन, असं वचन राजाला द्यावं लागतं.

आता आपण साडेआठशे वर्षं मागे जाऊ. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ 1150 ची. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, तेच हे भास्कराचार्य. लीलावतीत श्रेढीच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. एका माणसानं याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचं कबूल केलं. तर महिन्याभरात तो किती निष्क देईल?

तीस दिवस आणि रोज दुप्पट, म्हणजे हिशोब तोच. फक्त सुरुवात दोनपासून आहे, म्हणून उत्तरही राणीच्या बरोबर दुप्पट येतं : 2,14,74,83,646 कवड्या.

हे उत्तर काढायला तीस गुणाकार करावे लागत नाहीत. पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून एक युक्ती चालत आलेली आहे. संख्या सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ लिहा, विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा. शून्यापर्यंत उतरा आणि मग उलट वर चढा. तीससाठी चार गुणाकार आणि चार वर्ग, अशा आठ पायऱ्यांत दोनाचा तिसावा घात हाती येतो. त्यातून एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोननं गुणलं की झालं.

पण माझा मुद्दा युक्तीचा नाही, प्रश्नातल्या एका शब्दाचा आहे. भास्कराचार्य ‘किती कवड्या’ असं विचारत नाहीत, ‘किती निष्क’ असं विचारतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्कात 20,480 कवड्या. उत्तर येतं 1,04,857 निष्क, 9 द्रम्म, 9 पण, 2 काकिण्या आणि 6 कवड्या. दोनशे चौदा कोटींचा आकडा ऐकून आपण नुसता आ वासतो. एक लाख निष्क म्हटलं की व्यवहार कळतो, दात्याचं काय होणार तेही कळतं.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. तिथे चौसष्ट घरं, आणि बेरीज 1,84,46,74,40,73,70,95,51,615. इ.स. 1000 च्या सुमारास अल्-बिरुनीनं ही संख्या काढली. ती डोळ्यांसमोर उभी करायला त्यानं पिशव्या, खेचरं अशी मोठी मोठी मापं घेतली आणि शेवटी 2,305 डोंगरांवर येऊन थांबला. तेराव्या शतकात इब्न खल्लिकाननं हिंदुस्थानचा राजा शिहराम आणि सिस्सा यांच्या नावानं हीच गोष्ट नोंदवली. त्याचा आधी विश्वास बसत नव्हता. अलेक्झांड्रियाच्या एका हिशोबनिसानं त्याला सोळाव्या घरापाशी थांबवलं : इथले 32,768 दाणे म्हणजे एक माप धरू. मग मापांवरून कोठारं, कोठारांवरून शहरं. शेवटच्या एका घरासाठी 16,384 शहरं लागली, प्रत्येकात 1,024 कोठारं. तेव्हा कुठे त्याला पटलं.

म्हणजे दुप्पट करणं हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे माप बदलणं. डेमींनी माप म्हणून हत्ती घेतला. तेव्हा हत्तींचाही हिशोब करून बघू.

मध्यम तांदळाचे एका किलोत साधारण 40 ते 50 हजार दाणे बसतात. त्या हिशोबानं शेवटच्या दिवशीचा तांदूळ अकरा ते साडेतेरा टन. 256 हत्तींत वाटला तर एका हत्तीवर जेमतेम एक पोतं! तीस दिवसांचा सगळा मिळून एकवीस ते सत्तावीस टन, म्हणजे दोन-तीन ट्रक. माणशी रोज अर्धा किलो धरला तर पाचशे वस्तीच्या एका गावाला तो तीन महिने पुरेल. साऱ्या प्रांताचा दुष्काळ त्यात भागणार नाही.

यामुळे पुस्तक लहान ठरतं असं मला वाटत नाही. उलट मुलांना ते वाचून दाखवल्यावर वर्गात तराजू आणावा. दहा ग्रॅम तांदूळ मोजायला द्यावा, दाणे मुलांनीच मोजावेत आणि मग विचारावं : इतके हत्ती खरंच लागले असते का? राजानं ‘तुमच्यासाठी साठवतो’ म्हटलं तेव्हा कोठारात किती आहे आणि खाणारी तोंडं किती, हे कोणी विचारलं होतं का? पुस्तकातल्या रयतेला हा हिशोब आधी करता आला असता, तर राजाची मेहेरबानी होण्याची वाट तिला बघावी लागली नसती.

कोटींचे आकडे आपण रोज ऐकतो. ते ऐकून दिपून जायचं की घाबरून जायचं, एवढंच बहुतेक वेळा आपल्या हातात उरतं. भास्कराचार्यांचा प्रश्न तिसरी वाट दाखवतो : याचे निष्क किती होतात, ते आधी सांगा.